काळ्या कमळाचा सातबारा

जगात न्याय उरला नाही अशी कुरकुर करणाऱ्यांनी एकदा 'मॅजिक: द गॅदरिंग' या अमेरिकी पत्त्यांच्या खेळाकडे बघावं. तिथे न्याय आहे. छापील आहे, रंगीत आहे, आणि पुन्हा कधीही छापणार नाही असं कंपनीने लेखी दिलेलं आहे.

ज्यांच्या घरात हा खेळ अजून शिरलेला नाही अशा सुखी माणसांसाठी थोडा खुलासा. आपला पत्त्यांचा कॅट बावन्न पानांचा. पिसायचा, वाटायचा आणि आलेला हात बघून नशिबाला बोल लावायचा. इस्पिकचा एक्का आज तुमच्याकडे, उद्या मेव्हण्याकडे. असल्या खेळात कर्तबगार माणसाला वाव तो काय? मॅजिकमध्ये प्रत्येकजण आपला कॅट घरून बांधून आणतो. त्याला डेक म्हणतात. पानं बंद पाकिटात विकत मिळतात. जुन्या पाकिटात पंधरा पानं, त्यातलं एक 'रेअर' आणि बाकीची भरताड. आत कोणतं रेअर आहे ते पाकीट फोडल्यावरच कळायचं. नको ते निघालं तर दुसरं पाकीट फोडावं. त्यातही नसेल तर तिसरं. दुकानदार कधी नाही म्हणत नाही.

या खेळाचं अर्थशास्त्र सोपं आहे. प्रत्येक फेरीत एकच जमीन मांडता येते आणि साधी जमीन फेरीला एक 'माना' देते. माना म्हणजे जादूचं इंधन. चार मानांचं पान टाकायचं तर चौथी फेरी उजाडेपर्यंत थांबा. गरीब असो की श्रीमंत, नियम सगळ्यांना एकच. अपवाद 'ब्लॅक लोटस' बाळगणाऱ्याचा. हे काळं कमळ फुकट टाकता येतं, आणि त्याचा बळी दिला की तीन माना हातात पडतात. समोरचा पहिली जमीन मांडून शांतपणे मिशीला पीळ देत असतो, तेव्हा तुम्ही त्याच्या चौथ्या फेरीत जाऊन बसलेले असता. ख्रिस्तोफर रश यांनी काढलेलं चित्र मात्र अगदी सात्त्विक, देवघरात लावावं असं.

खेळाचे जनक रिचर्ड गारफील्ड गणितात पीएच.डी. आहेत, त्यामुळे पहिल्या संचात समतोल कसोशीने राखलेला होता. एक माना द्या आणि तीन काहीतरी मिळवा, अशी पाच पानं, पाच रंगांना एकेक. लाल पान शत्रूला तीन घाव घालतं. पांढरं तीन प्राण परत देतं. निळं तीन नवी पानं ओढू देतं. तीन बरोबर तीन, यात पक्षपात कुठे आला? आता तीन नवी पानं म्हणजे तीन नव्या संधी आणि तीन प्राण म्हणजे जरा उशिरा मरण, हा फरक काही कपाळकरंट्यांनी काढला खरा. तो गारफील्ड यांच्याही ध्यानात आला असावा, कारण बाकीची चार पानं त्यांनी 'कॉमन' ठेवली आणि निळं तेवढं 'रेअर' केलं. दुबळं पान सर्वांना आणि जबरं पान थोड्यांना! आपल्याकडे एवढ्यासाठी योजना आयोग बसवावा लागला असता.

गारफील्ड यांचा हिशेब साफ होता. माणूस नेहमीच्या खेळावर करतो तेवढाच खर्च यावर करेल, मग अख्ख्या मित्रमंडळात एखाद्याकडेच कमळ असेल. दुर्मीळता हाच समतोल. 5 ऑगस्ट 1993 रोजी 'अल्फा' छपाई बाजारात आली. एकूण 26 लाख पानं, त्यात प्रत्येक रेअर पानाच्या साधारण 1,100 प्रती. बघता बघता दुकानं रिकामी झाली. त्याच वर्षी 'बीटा' आली, तीही गेली. मग 'अनलिमिटेड' आली आणि तीही संपली. गणितात सगळं बसलं होतं, फक्त एक राशी धरायची राहिली होती. पगारदार माणूस. एका डेकमध्ये एकाच पानाच्या किती प्रती असाव्यात याला तेव्हा बंधन नव्हतं. ज्याला आठ कमळं मिळाली, तो आठ घालायचा. यात हावरेपणा कसला? नियमात बसतं ते सगळं सभ्यच.

आणि समतेची सोयही मुळात होतीच, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. 'अँटे' नावाचा नियम होता. डाव सुरू होताना दोघांनी आपापल्या डेकमधलं एकेक पान पणाला लावायचं, जिंकणारा दोन्ही घेऊन जाणार. म्हणजे श्रीमंताचं कमळ गरिबाच्या घरी जाण्याचा राजमार्ग खुला होता. अट एकच, गरिबाने आधी श्रीमंताला हरवायचं होतं. कमळाशिवाय. लोकांना यात जुगाराचा वास आला आणि संपत्तीच्या फेरवाटपाचा तो थोर प्रयोग गुंडाळावा लागला.

पुढे जानेवारी 1994 मध्ये कायदा झाला. काही पानांवर बंदी आली, आणि कमळासारख्या पानांवर मर्यादा: डेकमध्ये फक्त एक. ज्याच्याकडे आठ कमळं होती त्याला सात घरी ठेवावी लागली. केवढा हा त्याग! ज्याच्याकडे एकही नव्हतं त्याच्यावर मात्र कसलंच बंधन आलं नाही. आधीसारखंच शून्य कमळं वापरायची त्याला पूर्ण मुभा राहिली.

तरीही कुरकुर थांबेना. तेव्हा 1995 मध्ये वेगळी पंगत मांडली, जिला पुढे 'स्टँडर्ड' म्हणू लागले. इथे फक्त नव्या संचांतली पानं चालतात, जुनी आपोआप बाद. नव्या खेळाडूला कमळाची भीती नाही. इथे खरोखर सगळे समान आहेत: सगळ्यांचीच पानं काही काळाने निकामी होतात, आणि सगळ्यांनाच पुन्हा पाकिटं घ्यावी लागतात. साम्यवादाला सत्तर वर्षांत जे जमलं नाही ते एका पत्त्यांच्या कंपनीने करून दाखवलं, वर नफाही कमावला.

पण आपला विषय कमळ आहे, आणि कमळाची खरी कहाणी पुढेच आहे. 1995 साली कंपनीने 'क्रॉनिकल्स' नावाचा संच काढला. जुनी, न मिळणारी काही पानं पांढऱ्या काठाने पुन्हा छापली. कमळ त्यात नव्हतंच. पण ज्यांनी जुनी पानं जपून ठेवली होती त्यांच्या काळजात धस्स झालं. ज्या पानाला काल भाव होता ते आज कुठल्याही पोराच्या हातात! पोरं त्याने खेळत होती, हसत होती. संग्राहकांनी एवढा आरडाओरडा केला की मार्च 1996 मध्ये कंपनीने 'रिझर्व्ह्ड लिस्ट' जाहीर केली. या यादीतली पानं यापुढे कधीही, कुठल्याही संचात, पुन्हा छापणार नाही. कमळ अर्थातच यादीत.

या यादीला मी मॅजिकचा सातबारा म्हणतो. 1993 साली पान हे खेळायचं साधन होतं, नांगरासारखं. 1996 साली त्याचा जमिनीचा तुकडा झाला. मालकी, कब्जेदार, इतर हक्क, सगळं नोंदलं गेलं. आणि जमिनीचं एक बरं असतं, ती नव्याने तयार होत नाही, त्यामुळे कसली नाही तरी भाव वाढतो. जानेवारी 2021 मध्ये अल्फाचं एक कमळ 5 लाख 11 हजार डॉलरला गेलं. 2024 मध्ये दुसरं एक निष्कलंक कमळ 30 लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने 25 कोटी रुपयांच्या आसपास. ही पानं प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत असतात, पेटीवर गुणांकन असतं. पेटी फोडून पान हातात घेतलं की भाव कोसळला. म्हणजे खेळातलं सर्वांत बलाढ्य पान असं आहे की जे कुणीच खेळत नाही. अतिबलाढ्य पानाचा उपद्रव रोखण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी माहीत नाही.

एवढा पक्का दस्तऐवज असला तरी पळवाटा शोधणारे निघतातच, आणि इथे खुद्द कंपनीच निघाली. चकचकीत 'फॉइल' पान हे वेगळं पान, असा अर्थ लावून 2010 साली यादीतलं 'मॉक्स डायमंड' एका खास संचात झळकलं. पुन्हा काळजात धस्स, पुन्हा आरडाओरडा. त्याच वर्षी ती वाट बुजवली.

मग आला 2022 सालचा वर्धापनसोहळा. तीस वर्षांचा आनंद सामान्य खेळाडूलाही लुटता यावा म्हणून कंपनीने जुन्या बीटा संचातली बहुतेक पानं पुन्हा छापली. कमळासकट! मग दिलेल्या वचनाचं काय? त्याची काळजी घेतली होती. पानांची पाठ वेगळी ठेवली, म्हणजे अधिकृत स्पर्धेत ती चालणार नाहीत. चार पाकिटं, साठ पानं, किंमत 999 डॉलर. तेव्हाचे सुमारे 80 हजार रुपये. त्यात कमळ निघेलच असं नाही; साध्या जमिनीची पानं मात्र नक्की निघणार, जी कुठल्याही दुकानात खोक्यात पडलेली असतात. थोडक्यात, जे पान अधिकृतपणे खोटं आहे ते मिळण्याची शक्यता तुम्ही 80 हजारांना विकत घेत होता. लॉटरीवाल्यांनी टिपून ठेवावं. त्यांच्याकडे बक्षीस तरी खरं असतं.

याच सुमारास खेळाडूंच्या बाजूने, म्हणजे कोणत्या खेळाडूंच्या ते लगेच कळेल, एक अनपेक्षित आवाज उठला. बँक ऑफ अमेरिकेचा. नोव्हेंबर 2022 मध्ये या बँकेच्या विश्लेषकांनी मालक कंपनी हॅस्ब्रोच्या शेअरचं मानांकन खाली आणलं, कारण कंपनी मॅजिकची पानं फार छापत सुटली आहे आणि त्यामुळे पानांचं मोल घटतं आहे. एखादी बँक पोरांच्या पत्त्यांसाठी एवढी कळवळल्याचं उदाहरण आर्थिक इतिहासात विरळा. जास्त लोकांना पानं मिळू लागली, हे संकट ओळखायला तशी बँकेचीच नजर लागते.

पाकिटांतही दरम्यान सुधारणा झाली होती. रेअर पानं फार जणांना मिळू लागल्यासारखी वाटली म्हणून 2008 मध्ये 'मिथिक रेअर' हा वरचा वर्ग आणला. तेव्हा सांगितलं होतं की स्पर्धेत लागणाऱ्या जबऱ्या पानांची ती यादी होणार नाही. 2010 मध्ये 'जेस, द माइंड स्कल्प्टर' हे मिथिक पान आलं, आणि स्पर्धेत ज्याला त्याला तेच हवं झालं. एकाचा भाव 100 डॉलरवर, आणि डेकमध्ये लागतात चार. जून 2011 मध्ये शेवटी जेसवर आणि 'स्टोनफोर्ज मिस्टिक' या त्याच्या साथीदार पानावर स्टँडर्डमध्ये बंदी जाहीर झाली. आता गंमत बघा. हे स्टोनफोर्ज कंपनीच्याच एका तयार डेकमध्ये नुकतंच विकायला ठेवलं होतं. मग निकालात पुरवणी जोडली: तो तयार डेक एकही पान न बदलता, कंपनीने बांधला तसाच आणलात, तर त्यातलं स्टोनफोर्ज चालेल. एक पान बदललंत की गुन्हा. कायद्यापुढे सर्व समान असतात हे ऐकून होतो, खोक्यापुढेही असतात हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या खेळांत असली प्रगल्भता नाही. पोकेमॉनच्या पानांचाच प्रकार घ्या. तिथे पान महाग असतं ते बहुतेकदा चित्रामुळे, सोनेरी कडेमुळे, झगमगाटामुळे. त्याच ताकदीचं साधं पान पुष्कळदा किरकोळीत मिळून जातं, आणि पोरं तेच घेऊन स्पर्धा खेळतात. श्रीमंताला चमक, गरिबाला चाल. हा उघड उघड समाजवाद आहे आणि तो पिवळ्या उंदराच्या आडून पसरवला जातो आहे. स्वतः गारफील्ड यांनीही 2018 मध्ये 'कीफोर्ज' नावाचा खेळ काढला. त्यातला प्रत्येक डेक छापखान्यातूनच जगावेगळा बांधून येतो आणि त्यातलं एकही पान बदलता येत नाही. म्हातारपणी माणसं तीर्थयात्रेला जातात, तसलाच प्रकार.

कुळांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, नाहीतर माझ्यावर जमीनदारांचा हस्तक असल्याचा आरोप व्हायचा. आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' म्हणत कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 ला कुळं मालक झाली. मॅजिकमधल्या कुळांची घोषणा 'खेळेल त्याचं पान' अशी आहे. ते घरच्या प्रिंटरवर कमळ छापतात, कापतात, एखाद्या भरताड पानावर ठेवून प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवतात आणि खेळतात. याला प्रॉक्सी म्हणतात. विकू नका, खरं म्हणून खपवू नका, अधिकृत स्पर्धेत आणू नका, मग घरी काय करायचं ते करा, असं कंपनीनेही 2016 मध्ये सांगून टाकलं. अमेरिकेत जुन्या पानांच्या अनधिकृत स्पर्धांमध्ये तर दहा-पंधरा प्रॉक्सींची मोकळीक देतात, नाहीतर टेबलावर खेळाडूंपेक्षा विमा एजंटच जास्त जमतील. आणि कंपनीच्या संगणकावरच्या मॅजिकमध्ये 2014 पासून कमळ रीतसर मिळतं, कारण सातबारा फक्त कागदाचा आहे, विजेचा नाही.

माझा भाचा या कुळांपैकीच. पुण्यात वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी एका कॅफेत 'कमांडर' खेळतो. कमांडर म्हणजे शंभर पानांचा डेक, साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक पान एकदाच, आणि टेबलाला चौघं. हा मैत्रीचा खेळ मानला जातो. स्पर्धा नाही, ईर्ष्या नाही. म्हणूनच याचे नियम अनेक वर्षं कंपनी नव्हे तर चाहत्यांचीच एक समिती, विनामोबदला, ठरवायची. 23 सप्टेंबर 2024 ला या समितीने चार पानांवर बंदी घातली. त्यातलं एक 'माना क्रिप्ट', फुकट टाकायचं आणि दर फेरीला दोन माना घ्यायचे. हे पान 1995 मध्ये मुळात कादंबरीतलं कूपन पोस्टाने पाठवणाऱ्यांना मिळालं होतं. वाचनाने माणूस श्रीमंत होतो याचा एवढा एकच पुरावा उपलब्ध आहे. दुसरं 'ज्युवेल्ड लोटस', कमळाचंच कमांडरपुरतं धाकटं भावंड, 2020 मध्ये कंपनीने मुद्दाम बनवलेलं. पहिल्याच फेरीत एकाने मुसंडी मारायची आणि उरलेल्या तिघांनी बघत बसायचं, हे थांबावं एवढाच समितीचा हेतू.

काल शंभर-दोनशे डॉलरला असलेली पानं एका रात्रीत गडगडली. आणि मैत्रीच्या खेळातल्या मित्रांनी समितीच्या सदस्यांना धमक्या दिल्या. आठवडाभरात समितीने हात वर केले आणि 30 सप्टेंबरला कमांडरचा कारभार कंपनीकडे गेला. पान खेळातून काढलं म्हणून कुणी रागावलं असेल असं मला वाटत नाही. ते नसतानाही सगळ्यांना पूर्वीसारखंच खेळता येत होतं. रागावले ते जमीनदार.

कंपनीने मग 2025 मध्ये पाच गटांची वर्गवारी आणली. खालच्या दोन गटांत 'गेम चेंजर' यादीतलं एकही पान नको, तिसऱ्यात तीनपर्यंत चालतील, वरच्या दोन गटांत वाटेल तेवढी. खेळ सुरू होण्याआधी चौघांनी बोलून आपापल्या डेकचा गट सांगायचा. भाचा सांगतो की सगळेच्या सगळे "तिसरा" सांगतात. आपल्याकडे प्रत्येकजण मध्यमवर्गीय असतो तसंच.

परवा तो घरी आला आणि पाणी पिऊन थेट मुद्द्यावर आला.

"मामा, तुझ्या एफडीची मुदत संपते आहे ना या महिन्यात? एक ड्युअल लँड घेऊन टाक."

"म्हणजे?"

"एकाच जमिनीतून दोन रंगांचा माना. जुनी आहे, रिझर्व्ह्ड लिस्टमधली. काहीशे डॉलर पडतील. पण परत कधी छापणार नाहीत. जमीन आहे मामा, नुसती पडून राहिली तरी भाव वाढतो."

"तू तर प्रॉक्सीवाला. खेळेल त्याचं पान म्हणत होतास."

"ते कमळ परवडत नाही म्हणून. जमीन परवडेल तुला."

"बरं. नावावर कुणाच्या?"

"तुझ्याच. बिल तुझ्या नावाचं, पान तुझं. माझ्या डेकमध्ये राहील फक्त. दर शुक्रवारी मी खेळणार."

"म्हणजे मी मालक आणि तू कूळ."

"हो, तसंच काहीसं." तो जरा थांबला. "मामा, आमच्या सरांनी गेल्याच आठवड्यात शिकवलं. बारा वर्षं उघड आणि अखंड कब्जा राहिला, तर मालकाला जमीन परत मागता येत नाही."

एफडी मी आणखी पाच वर्षांसाठी फिरवली.